एका पंख्यासाठी लॅमिंग्टन रोड

दिवाळीच्या सुटीत लोक काश्मीरला जातात, केरळला जातात, हल्ली तर व्हिएतनामलाही जातात, आणि परत आल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून फोटो दाखवतात. गेल्या दिवाळीत मीही एक प्रवास केला. तो एकूण मैल-सव्वा मैलाचा होता, पायी केला, आणि त्याचा एकही फोटो माझ्यापाशी नाही. गिरगावातल्या अण्णांच्या बिऱ्हाडातून मी लॅमिंग्टन रोडला गेलो आणि परत आलो. जाताना माझ्या हातात एक जळका डबा होता आणि पोटात गोळा. डबा मी परत आणला. गोळ्याचे काय झाले ते पुढे सांगतो.

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. आयुष्यभर त्यांनी अक्षरे जुळवली. आधी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले. खिळ्यांचे दिवस संपले तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते संगणक शिकले आणि १९९९ साली चाळीतल्या दोन खोल्यांपैकी एकीत एक संगणक आणून ठेवला. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, होतकरू कवींचे संग्रह, आणि श्रावण लागला की दिवाळी अंक. त्या यंत्राने किती दिवाळी अंक पाहिले याचा हिशेब अण्णांनाही नाही.

आता अण्णांनी धंदा बंद केला आहे, यंत्रानेही पंचविशी ओलांडली आहे, तरी ते खिडकीखाली आपल्या जागी आहे. त्याला कारण आहे. त्या काळी मराठी अक्षरांचे सॉफ्टवेअर घेतले की बरोबर काड्यापेटीएवढे एक कुलूप मिळत असे. ते संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरच्या खाचेत लावायचे आणि त्याच्या पाठीत प्रिंटरची वायर जोडायची. कुलूप असेल तरच अक्षरे उमटत. तशी खाच आजच्या संगणकांना सहसा नसते. तात्पर्य, अण्णांची मराठी त्या एका यंत्रात नांदते. दुसऱ्या घरी ती जात नाही.

आणि त्या यंत्रात आईच्या ओव्या आहेत.

आमची आई राजापूरकडची. जाते सुटून तिला पन्नास वर्षे झाली होती, पण ओव्या सुटल्या नव्हत्या. २००१ सालच्या पावसाळ्यात अण्णांनी तिला शेजारी स्टुलावर बसवले आणि ती गुणगुणेल तसे ते टाइप करीत गेले. सव्वातीनशे ओव्या झाल्या. आईला त्या यंत्राची भारी काळजी. त्याच्या पाठीमागून गरम वारा येतो म्हणजे त्याला ताप आहे, असे तिचे निदान होते. स्वतःला वारा घेता घेता ती मधूनच विंझण्याचे दोन हात संगणकाकडेही मारी. आम्ही हसत असू. २००४ साली आई गेली. ओव्यांची एक प्रत छापून ठेवावी असे अण्णा दर दिवाळीत म्हणत आणि दर दिवाळीत दुसऱ्यांचे अंक आधी छापून होत. धंदा बंद केल्यावर तर वेळच वेळ होता. आणि वेळ असला की कामे होत नाहीत, हे कोणाला सांगायला नको.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी पुण्याहून येऊन पोचलो. वहिनी चकल्यांत गुंतल्या होत्या, अण्णा कंदिलाच्या काड्या बांधीत होते. मला कोणी काही काम सांगितले नव्हते. न सांगितलेले काम उत्साहाने करणारा माणूस दिवाळीच्या घरात किती धोक्याचा, याचा अनुभव वाचकांना असेलच. मी एक फडके घेतले आणि संगणकाची पाठ पुसायला लागलो. वर्षानुवर्षांची धूळ, उदबत्तीची काजळी, समुद्राच्या हवेचा चिकटा. पुसता पुसता एक लहानसे लाल बटण खटकन सरकले. त्यावर मघाशी २३० आकडा होता, आता ११५ दिसू लागला. मी ते पाहिले आणि हे काही महत्त्वाचे नसावे असे ठरवले. मग स्वच्छ झालेले यंत्र अण्णांना दाखवावे म्हणून कळ दाबली.

मोठ्ठा बार झाला. खोलीत धूर आणि करपट वास पसरला. आतून वहिनींचा आवाज आला, “भाऊजी, आत्तापासूनच फटाके?”

अण्णा उठले. त्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले, वाकून यंत्राच्या पाठीकडे पाहिले, ते लाल बटण पाहिले, आणि मला म्हणाले, “हाताला लागलं नाही ना तुझ्या?” मग ते पुन्हा कंदिलाकडे वळले. पण त्या संध्याकाळी कंदील काही पुरा झाला नाही. अण्णा रागावले असते तर मला बरे वाटले असते.

रात्री पुतण्याला बंगलोरला फोन लावला. तो म्हणाला, “काका, एसएमपीएस गेला असेल. म्हणजे वीज पुरवणारा डबा. तेवढाच गेला असेल तर काही बिघडलं नाही. मदरबोर्ड गेला असेल तर मात्र कठीण.” फायली दुसऱ्या संगणकावर नेऊन उघडता येणार नाहीत का, असे मी विचारले. त्याने तो प्रयोग मागेच करून पाहिला होता. ओव्यांच्या जागी इंग्रजी खुणांचा चिवडा निघाला होता. अक्षरे कुलपाआड होती आणि कुलूप त्या यंत्राच्या पाठीवर. “चार स्क्रू काढा, डबा बाहेर ओढा आणि लॅमिंग्टन रोडला जा. डबा तेवढा उघडू नका. वायर काढली तरी आत वीज दबा धरून बसलेली असते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा पिशवीत घालून निघालो. गिरगावातून पायी जायचे म्हणजे ऑपेरा हाउसवरून जावे. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाने ज्याचे उद्घाटन केले ते रॉयल ऑपेरा हाउस कित्येक वर्षे बंद होते; दुरुस्त होऊन २०१६ साली पुन्हा उघडले. एवढे जुने घर दुरुस्त होते, तर एक डबा का होणार नाही, असा धीर त्याच्याकडे पाहून मी स्वतःला दिला. तिथून केनेडी पूल डाव्या हाताला ठेवला की आपण लॅमिंग्टन रोडला लागतो.

लॅमिंग्टनसाहेब १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. रस्त्याचे अधिकृत नाव पुढे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाले. पण पाटीवर भडकमकर आणि जिभेवर लॅमिंग्टन अशी वाटणी मुंबईकरांनी केली आहे. आमच्या तरुणपणी हा सिनेमांचा रस्ता होता. नाझच्या इमारतीत चित्रपट-वितरकांच्या कचेऱ्या होत्या, आणि मिनर्व्हामध्ये १९७५ साली लागलेला ‘शोले’ पाच वर्षे मुक्काम ठोकून होता. ते मिनर्व्हा आता राहिले नाही. सिनेमाच्या पोस्टरांबरोबर इथे रेडिओचे सुटे भाग मिळत, मग टेलिव्हिजनचे मिळू लागले, आणि नव्वदनंतर संगणकांनी ग्रँट रोड स्टेशनकडचा सगळा भाग व्यापला.

दिवाळीच्या तोंडावर इथे पाय ठेवायला जागा नसते. फुटपाथवर चार्जर, रिमोट आणि चिनी दिव्यांच्या माळा, त्यामागे दुकाने, दुकानांच्या मध्ये माणूस तिरका होऊन जाईल एवढे जिने, आणि जिन्यांवर पुन्हा दुकाने. हमाल डोक्यावर खोकी घेऊन “बाजू, बाजू” करीत जातात. दर दहा पावलांवर कोणी तरी कानाशी येऊन “क्या चाहिए सर?” विचारतो. माझ्या पिशवीत जे होते ते सांगायची मला लाज वाटत होती.

पहिल्या दुकानात काचेमागे नव्या एसएमपीएसांची रांग होती. चारशे वॅट, सहाशे वॅट, काहींच्या पंख्यांत रंगीत दिवे. दुकानदार तरुण होता. त्याने माझा डबा दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाला, “हा फेकून द्या काका, नवा घ्या.” मी पैसे काढणार तोच त्याने सहज विचारले, “मशीन कधीचं आहे?” १९९९ म्हटल्यावर तो थबकला. त्याने मालकाकडे पाहिले. म्हातारे मालक गादीवरून म्हणाले, “इनको ऊपर भेज.”

वर, म्हणजे शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, एका पोटमाळ्याएवढ्या खोलीत एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ मांडी घालून बसले होते. भोवती उघडे डबे, पंखे, वायरींचे जुडगे आणि राळेचा वास. सगळे त्यांना चाचा म्हणत. बोलू लागले तेव्हा कळले, चाचा रत्नागिरीचे. आई राजापूरची म्हटल्यावर त्यांनी मला स्टूल दिले आणि चहा सांगितला. कोकणातला माणूस गाव विचारल्याशिवाय कामाला हात घालीत नाही, ही चाल लॅमिंग्टन रोडवरही टिकून आहे.

“नवा का नको घेऊ?” मी विचारले.

“घ्या की. लागेलसुद्धा कदाचित,” चाचा म्हणाले. “जुन्याला वीस पिनांची जोडणी, नव्याला चोवीस, तिच्यातल्या चार वेगळ्या करता येतात. पण साहेब, तुमच्या वेळची मशीनं जेवायची पाच व्होल्टवर आणि ३.३ वर. २००० नंतर पेंटियम-४ आला आणि सगळा भार बारा व्होल्टवर गेला. आजचा डबा सहाशे वॅटचा म्हणतात, त्यातला बहुतेक भाग बारावर. पाहुणा वरणभात खाणारा आणि तुम्ही ताटात सगळं मटणच वाढलंत, तर ताट भरलेलं असून तो उपाशी. आधी हा बघू.”

त्यांनी झाकण काढले, एका दिव्याच्या दोन तारा आत टेकवून साठलेली वीज उरली नसल्याची खात्री केली आणि डबा माझ्यापुढे धरला. आत करंगळीच्या दुप्पट जाडीची दोन नळकांडी होती. एकाचे डोके फुटून कागदाच्या चिंध्या बाहेर आल्या होत्या.

“लाल बटण कोणी हलवलं?” चाचांनी विचारले.

“दिवाळीची साफसफाई,” मी म्हणालो.

चाचा हसले. “दरवर्षी दोन-चार येतात असे.”

मग त्यांनी मला जे समजावून सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. घरात वीज येते ती २३० व्होल्टची, दर सेकंदाला ५० हेलकावे घेणारी. संगणकाला हवी असते बारा, पाच आणि ३.३ व्होल्टची, तीही एका दिशेने वाहणारी. पूर्वी हे काम लोखंडाचा जड ट्रान्सफॉर्मर करी. एसएमपीएसची युक्ती वेगळी. तो आधी घरची वीज सरळ करतो. नावाला २३० असली तरी तिच्या लाटेचा माथा ३२५ व्होल्टपर्यंत पोचतो, आणि तेवढा दाब त्या दोन नळकांड्यांत, म्हणजे कपॅसिटरांत, साठतो. मग दोन ट्रान्झिस्टर त्या सरळ विजेचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे करतात. इतक्या वेगाने तुकडे पाडले की सुपारीच्या डबीएवढा ट्रान्सफॉर्मरही पुरतो. म्हणून हा डबा हलका आणि स्वस्त. अमेरिकेत घरची वीजच निम्मी, म्हणून तिथल्यासाठी ते लाल बटण. ते ११५ वर नेले की दोन कपॅसिटर आळीपाळीने भरतात आणि त्यांची बेरीज दुप्पट होते. अमेरिकेत दुप्पट होऊन ३२५ भरते. मी गिरगावात दुप्पट केली, ती झाली साडेसहाशे. त्या दोघांची कुवत प्रत्येकी दोनशेची.

“आणि बोर्ड?” माझा खरा प्रश्न तो होता.

चाचांनी त्या लहान ट्रान्सफॉर्मरवर बोट ठेवले. “हा बघा. याच्या अलीकडे घरची वीज, पलीकडे मशीनची. दोघींची गाठ कुठेच पडत नाही. इकडे तुकडे पडतात तेव्हा चुंबकाच्या जोरावर तिकडे नवी वीज उठते. तुकडे पडायचे थांबले की पलीकडे काही जात नाही. सरळ वीज ट्रान्सफॉर्मर ओलांडत नाही, साहेब.”

मला आमच्या चाळीची आठवण झाली. दोन बिऱ्हाडांत अबोला असला की मुलांच्या तोंडी निरोप जात. मुलेच शाळेत गेली, तर दोन्ही घरे कितीही तापली तरी या घरचा शब्द त्या घरी पोचत नसे.

“म्हणजे बोर्ड वाचला?”

“वाचायला हवा. फ्यूज गेला, कपॅसिटर गेले, दोन डायोड गेले. यांचं कामच ते. खात्री मात्र घरी लावल्यावरच.” आणि मग त्यांनी डब्याच्या पंख्याला बोट लावून पाहिले. पंखा फिरला नाही. त्यांनी पुन्हा लावले. अर्धा फेरा घेऊन तो थांबला. चाचांचा चेहरा पहिल्यांदाच गंभीर झाला. “हा आवाज करायचा का?”

करायचा! गेली दोन-तीन वर्षे यंत्र चालू केले की आधी जात्यासारखी घरघर होई. अण्णा कॅबिनेटवर एक थाप मारीत, मग घरघर थांबे. आम्हाला वाटे थाप लागू पडली.

चाचांनी पंख्यावरचा गोल कागद सोलला, खालची रबरी टोपी काढली, प्लॅस्टिकचे बारीक कडे सोडवले आणि पाती बाहेर ओढली. दांडीवर तेलाऐवजी काळा डिंक होता. “बुशवाला पंखा आहे. बुशात तेल भरलेलं असतं ते आटलं. वर ही धूळ. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दोन वर्षांपूर्वी पडला असता तर चालला असता अजून.” मग दुसऱ्या बाजूचे छोटे कपॅसिटर दाखवले. त्यांची सपाट डोकी पापडासारखी फुगली होती. “पंखा सुस्त, म्हणून डबा गरम. दहा अंश गरमी वाढली की यांचं आयुष्य निम्मं होतं. हे आज ना उद्या जाणारच होते. आणि इकडच्या बाजूचे जातात तेव्हा मशीनला सरळ वीज मिळत नाही. डिस्कसुद्धा बिघडते कधी कधी. बार झाला तो बरा झाला म्हणा. मशीन चालू असताना आवाज न होता गेलं असतं, तर कळलंही नसतं.”

मला हे सांत्वन घ्यावे की न घ्यावे, ते कळेना. पण अण्णांना सांगायला काही तरी मिळाले.

चाचा कामाला लागले आणि मी स्टुलावर बसून पंख्यांच्या ढिगाकडे पाहत राहिलो. या एवढ्याशा वस्तूवरून मोठमोठ्यांचे मतभेद झाले आहेत. आयबीएमने १९८१ साली आपला पहिला घरगुती संगणक काढला, त्याच्या वीजपुरवठ्याची ताकद जेमतेम ६३.५ वॅट, पण त्याला पंखा होता. उलट ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जला पंख्याच्या आवाजाचा तिटकारा. १९७७ च्या ॲपल-२ साठी रॉड हॉल्ट या इंजिनिअरने असाच तुकडे पाडणारा पुरवठा बनवला, तो तापे कमी, म्हणून पंख्याविना भागले. पण १९८० च्या ॲपल-३ ला पंखा दिला नाही आणि तो तापून तापून बदनाम झाला. १९८४ चा मॅकिंटॉशही बिनपंख्याचा. शेवटी १९८७ साली मॅकिंटॉश एसईमध्ये पंखा आलाच. प्रोसेसर तर दर पिढीला अधिक तापट. १९९३ चा पेंटियम पंधरा-सोळा वॅटवर भागवी. २००४ सालचे काही पेंटियम-४ ११५ वॅट घेत, म्हणजे आमच्या बैठकीच्या खोलीतल्या जुन्या शंभराच्या दिव्याहून जास्त. एवढी आग पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत पेटवायची आणि ती शांत ठेवायची जबाबदारी पंख्यावर टाकायची! आमच्या घरात हे आधी ओळखले ते आईने, हे त्या स्टुलावर बसल्यावर माझ्या ध्यानात आले.

दीड तासाने चाचांनी सोल्डरिंगचे खोड ठेवले. डबा थेट प्लगला न लावता त्यांनी मध्ये शंभर वॅटचा एक दिवा जोडला. कुठे चूक असेल तर वीज त्या दिव्यात खर्च होईल, डबा वाचेल. हिरवी आणि काळी वायर तारेच्या एका तुकड्याने जोडली. दिवा क्षणभर लखलखला, मंद झाला, आणि पंखा फिरू लागला. चाचांनी नवा बॉल बेअरिंगचा पंखा घातला होता. मीटरवर ५ आणि १२ चे आकडे पाहिल्यावर त्यांनी आधीच २३० वर सरकवलेल्या लाल बटणावर चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि म्हणाले, “आता पुसा खुशाल.” त्यांनी चारशे रुपये घेतले. मी फराळाचे पाकीट आणायला हवे होते. ते दुसऱ्या दिवशी नेऊन दिले.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अण्णांनी स्वतः चार स्क्रू लावले. मी लांब उभा राहिलो. वहिनी हात पुसत दारात आल्या. अण्णांनी कळ दाबली आणि काही ऐकू आले नाही. घरघर नाही, थाप नाही. “गेलं का हो?” वहिनींनी विचारले. अण्णा वाकले आणि त्यांनी यंत्राच्या पाठीमागे तळहात धरला, तापाच्या माणसाच्या नाकाशी धरावा तसा. “वारा येतोय,” ते म्हणाले.

पडदा उजळला. यंत्राची घड्याळाची बॅटरी केव्हाच संपली असल्यामुळे तारीख भलतीच दाखवीत होते. मग कुलूप ओळखले गेले, अक्षरे आली, आणि अण्णांनी आईची फाइल उघडली. आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही. अण्णांनी प्रिंटरमध्ये कागद भरले. “आत्ता?” वहिनी म्हणाल्या, “जेवून घ्या आधी.” “आधी हे,” अण्णा म्हणाले.

रात्री साडेदहापर्यंत सव्वातीनशे ओव्या कागदावर आल्या. दोन प्रती. एक मी पुण्याला आणली. पुतण्याने त्यांचे फोटो मागवले आणि नव्या अक्षरांत त्या उतरवून घ्यायला सुरुवात केली, रोज दहा. आता ते यंत्र बंद पडले तरी ओव्या अडून राहणार नाहीत. तरी अण्णांनी ते काढून टाकलेले नाही, आणि मीही तसे सुचवलेले नाही.

यंदाही मी दिवाळीला गिरगावात जाणार आहे. वहिनींचा निरोप आला आहे: भाऊजींनी यावे, चार दिवस राहावे, फडक्याला हात लावू नये. पिशवीत मात्र मी शिलाई मशीनच्या तेलाची एक बाटली ठेवली आहे. नव्या पंख्याला तिची गरज नाही, असे चाचा म्हणतात. पण अण्णांच्या खोलीच्या छताला एक जुना पंखा आहे, आणि तो हल्ली आवाज करतो.